बेकारी भत्ता : दंड कुणाला, शिक्षा कुणाला?

रोजगार हमीच्या कायद्यात बेकारी भत्त्याची तरतूद कशासाठी आहे, हा प्रश्न पुन्हा मुळापासून विचारण्याची वेळ आली आहे. हा भत्ता म्हणजे सरकारने गरिबाच्या ओंजळीत टाकलेली भिक्षा होय, अशी समजूत मंत्रालयापासून पंचायत समितीच्या कारकुनापर्यंत सर्वत्र रूढ झालेली दिसते. भिक्षा घालणाऱ्याने हात आखडता घेतला तर त्याला जाब विचारता येत नाही, आणि नेमकी हीच सोय या समजुतीमागे दडलेली आहे. कायद्याचा मजकूर मात्र निराळेच सांगतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७७ साली संमत केलेल्या आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागातील प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर रोजी किमान १ रुपया भत्ता द्यावा, असे बंधन शासनावर घातले. रुपयाची किंमत त्या काळीही फार नव्हती. परंतु त्या रुपयामागचा विचार क्षुल्लक नव्हता. वचन सरकारने दिले होते. वचनभंग सरकारकडून झाला तर भरपाईही सरकारनेच करावयाची, असा हा रोखठोक व्यवहार होता. ठरल्या तारखेला माल पोचला नाही म्हणून व्यापाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते, तेव्हा तिला कोणी धर्मादाय म्हणत नाही.

ही तरतूद कोणाच्या औदार्यातून जन्माला आलेली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास जो प्रयोग केला, त्याचे श्रेय त्यांना निःसंशय दिले पाहिजे. पण ती कल्पना राज्याच्या कायद्यात येण्यासाठी १९७२-७३ चा दुष्काळ पडावा लागला. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे या राज्यात दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, माती वाहत होती. त्या माणसांनी आणि त्यांच्या संघटनांनी काढलेल्या मोर्चांनी, घातलेल्या घेरावांनी सरकारला हे शिकवले की दुष्काळी काम ही मेहेरबानी असू शकत नाही. शहरातील नोकरदारांवर १९७५ पासून बसलेला व्यवसाय करही याच हमीसाठी उभारण्यात आला. पगारपत्रकावर तो आजही कापला जातो. फक्त तो कशासाठी कापला जात होता, याचा विसर कापणाऱ्याला पडला आहे आणि ज्याच्या पगारातून कापला जातो त्यालाही पडला आहे.

महाराष्ट्राच्या या वाटेने देश ३० वर्षांनी गेला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवसांची हमी दिली आणि बेकारी भत्त्याचे प्रमाण निश्चित केले : आर्थिक वर्षातील पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढील काळासाठी किमान निम्मे. महाराष्ट्रातील २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने हिशेब केला तर तो ७८ आणि १५६ रुपये येतो. या रकमेवर घर चालत नाही. किराणा दुकानदाराची उधारी फार तर थोडी लांबते. मजुरीचा पैसा मुख्यतः केंद्राने द्यावा आणि भत्त्याचा बोजा मात्र राज्याने उचलावा, अशी वाटणी त्या कायद्यात होती. काम दिले तर खर्च दिल्लीचा आणि न दिले तर खर्च मुंबईचा, म्हणजे राज्ये धावत धावत कामे काढतील, असा हिशेब त्यामागे असावा. कागदावर हा हिशेब चोख होता. राज्यांनी मात्र तिसरी वाट शोधली : कामही काढावयाचे नाही आणि भत्ताही देय होऊ द्यावयाचा नाही. भत्ता प्रत्यक्ष हातात पडल्याची प्रकरणे देशभरात इतकी विरळ आहेत की असे एखादे प्रकरण घडले की त्याची बातमी होते.

हे कसे साधले जाते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पंधरा दिवसांचे घड्याळ कामाचा अर्ज पोचल्याच्या तारखेपासून, अथवा मजुराने पुढची तारीख मागितली असेल तर त्या तारखेपासून, चालू होते. ते चालू झाल्याचा पुरावा म्हणजे तारीख घातलेली पोचपावती. आता ही पावती द्यावयाची कोणी? काम निघाले नाही तर ज्या यंत्रणेला भत्त्याचा जाब द्यावा लागणार, तिनेच! ज्याच्याविरुद्ध फिर्याद उभी राहणार त्याच्याच हाती फिर्यादीची नोंदवही सोपवावी, आणि मग फिर्यादी का येत नाहीत म्हणून आश्चर्य करावे, असा हा प्रकार आहे. ग्रामपंचायतीत नमुना ४ घेऊन गेलेल्या मजूर बाईला सांगण्यात येते, "ठेवून जा, काम निघालं की कळवू." ती पावती मागते तेव्हा शिक्का तालुक्याला गेलेला असतो, ग्रामसेवक दुसऱ्या गावी असतो, रोजगार सेवक म्हणतो, "बाई, माझा काय तुमच्यावर विश्वास नाही का?" विश्वासाचा प्रश्न खरे तर उलट्या दिशेने विचारावयास हवा, पण तो विचारण्याचे धैर्य ज्याची उद्याची मजुरी त्याच रोजगार सेवकाच्या हाती आहे, त्याने कोठून आणावे?

मग दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी, एखादे नालाबांधाचे वा रस्त्याचे काम मंजूर होते. त्या दिवशी जुन्या अर्जांचा गठ्ठा निघतो, संगणकावर मागणीची नोंद होते, लगोलग हजेरीपत्रक निघते. मुंबई-दिल्लीच्या तक्त्यात दिसते ते असे की मजुरांनी सोमवारी काम मागितले आणि कर्तव्यदक्ष शासनाने ते गुरुवारी दिले. मधले दोन महिने कागदावर अस्तित्वातच येत नाहीत. कोणी थांबलेलेच नसेल तर भत्ता कोणाला द्यावयाचा? पुढे हाच तक्ता हातात घेऊन सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते निर्वाळा देतात की राज्यात कामाला मागणीच उरलेली नाही, ग्रामीण दारिद्र्य ओसरत चालले आहे. मागणी नोंदवावयाची नाही आणि नोंद नाही म्हणून गरजही नाही असे सिद्ध करावयाचे, या तर्काला न्यायशास्त्रात काय म्हणतात ते पंडितांनी सांगावे. गावात त्याला कुंपणाने शेत खाणे म्हणतात.

ही झाली हक्क उगवू न देण्याची तऱ्हा. उगवलेला हक्क काढून घेण्याची तऱ्हा कायद्यातच लिहिलेली आहे. २००५ च्या कायद्याच्या ९ व्या कलमाने असे ठरवले की दिलेले काम ज्याने स्वीकारले नाही, कळवल्यापासून पंधरा दिवसांत जो कामावर हजर झाला नाही, किंवा जो परवानगीवाचून सलग एक आठवड्याहून अधिक अथवा महिन्यात एकूण एक आठवड्याहून अधिक गैरहजर राहिला, त्याला तीन महिने बेकारी भत्ता मागता येणार नाही. वरवर पाहता यात गैर काय, असे शहरी वाचकाला वाटेल. काम दिले आणि घेतले नाही, तर भत्ता कशाला?

परंतु हे कलम गावात नेऊन पाहिले पाहिजे. परवानगी मागावयाची ती कामाच्या यंत्रणेकडे. त्या यंत्रणेचा अधिकारी बांधावर कधी येतो आणि कधी जातो, हे बांधावरच्या माणसांनाही नेमके सांगता येत नाही. पोर तापाने फणफणले म्हणून नऊ दिवस घरी राहिलेल्या बाईने रजेचा अर्ज कोणाला द्यावा? तोंडी सांगितलेले मुकादमाला आठवेल, याची हमी कोणी द्यावी? अंतराचेही असेच. शक्यतो पाच किलोमीटरच्या आत काम द्यावे; ते जमत नसेल तर तालुक्यात कोठेही द्यावे आणि मजुरी १० टक्के वाढवून द्यावी, असा नियम होता. ३१२ रुपयांचे १० टक्के म्हणजे ३१ रुपये २० पैसे. तेवढ्यात अठरा किलोमीटर जाणे-येणे परवडत नाही, अंगावरचे मूल बरोबर नेता येत नाही, म्हणून जी बाई नाही म्हणते, तिच्या नावापुढे 'काम नाकारले' असा शेरा पडतो. नाकारण्याचे कारण लिहिण्यासाठी त्या कलमात जागा नाही. शिक्षेपूर्वी तिला नोटीस द्यावी, तिचे म्हणणे ऐकावे, निर्णयाची प्रत कारणांसह तिच्या हाती द्यावी, यांपैकी कशाचाही उच्चार त्या कलमात नाही.

आणि शिक्षा म्हणजे तरी काय? कायदा म्हणतो, या तीन महिन्यांत भत्ता मिळणार नाही, काम मात्र केव्हाही मागता येईल. ही सवलत फार उदार भासते. तिच्या पोटात काय आहे ते मात्र पाहिले पाहिजे. काम न दिल्यास भत्ता द्यावा लागेल, ही एकच टोचणी अशी होती की जिच्यामुळे तहसील कचेरीने हालचाल करावी. ज्या मजुराचा भत्ता बंद झाला त्याच्यापुरती ती टोचणी नाहीशी झाली. त्याने काम मागितले आणि तीन महिने दिले नाही, तरी कोणाच्या खिशाला तोशीस नाही. म्हणजे गुन्हा मजुराचा ठरवून सरकारने स्वतःचाच दंड माफ करून घेतला! हमीचा कायदा त्या माणसापुरता तीन महिने विनंतीअर्ज होऊन बसतो. ही गोष्ट अनवधानाने झाली असे म्हणणे कठीण आहे. इतकी सोयीची अनवधाने सहसा सरकारच्याच बाजूला पडतात.

याहूनही मोठ्या प्रमाणावर, आणि कोणतेही कलम न लावता, जी शिक्षा झाली तिची आकडेवारी सरकारने स्वतः संसदेत दिली आहे. २०२१-२२ या वर्षात देशभरच्या जॉबकार्डांवरून सुमारे १ कोटी ४९ लाख मजुरांची नावे वगळली गेली होती; २०२२-२३ या एका वर्षात ५ कोटी १८ लाखांहून अधिक वगळली गेली. खोटी कार्डे, दुबार कार्डे, मृत्यू, कुटुंब कायमचे गाव सोडून गेले आणि पाचवे कारण, 'काम करण्यास इच्छुक नाही' अशी कारणे सरकारने दिली. या पाचव्या कारणापाशी थांबले पाहिजे. माणसाची इच्छा नाही हे कोणाला, कसे आणि कोणत्या दिवशी कळले? तो आपण होऊन कार्ड परत करावयास आला होता काय? ज्याने काम मागितले आणि ज्याचा अर्ज नोंदलाच गेला नाही, तो सरकारी तक्त्यात दोन-तीन वर्षे काम न मागणारा म्हणून दिसतो. मग त्यावरून तो अनिच्छुक ठरतो. मग त्याचे नाव जाते. एक अन्याय दुसऱ्याचा पुरावा म्हणून वापरला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराच्या घराला दसऱ्या-दिवाळीनंतर कुलूप लागते आणि पट्टा पडल्यावरच ते उघडते. त्याच्या दाराशी माघात गेलेल्या कारकुनाने 'गाव सोडून गेले' असे लिहावयाचे म्हटले तर कुलूप साक्षीला आहेच. खोटी कार्डे असतात हे कोणी नाकारीत नाही. परंतु खोटे कार्ड ज्याच्या लेखणीने तयार झाले त्याचे नाव या यादीत कोठे सापडत नाही.

पश्चिम बंगालच्या बाबतीत तर ही शिक्षा सबंध राज्याला झाली. निधीच्या गैरवापराच्या तक्रारींवरून केंद्राने मार्च २०२२ मध्ये कायद्याच्या २७ व्या कलमाखाली त्या राज्याचा पैसा थांबवला. तक्रारी खऱ्या होत्या की राजकीय होत्या, हा वाद बाजूला ठेवू. पैसा ज्यांनी खाल्ला असेल ते पुढारी, ते अधिकारी तीन वर्षांत एक दिवस उपाशी राहिले असतील, असे कोणी म्हणणार नाही. उपाशी राहिला तो पुरुलिया-बांकुड्याचा मजूर. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार कलकत्त्याच्या उच्च न्यायालयासमोर गेला. १ ऑगस्ट २०२५ पासून तेथे योजना पुन्हा सुरू करावी, असा आदेश त्या न्यायालयाने १८ जून २०२५ रोजी दिला. केंद्राने त्यावर सर्वोच्च न्यायालय गाठले आणि तेथे ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. गैरव्यवहाराचा तपास करा, दोषींना पकडा, पण ज्याने घाम गाळावयाचा आहे त्याची हमी अनिश्चित काळ गोठवता येणार नाही, एवढी साधी गोष्ट सांगण्यास उच्च न्यायालयाला लेखणी उचलावी लागली.

'इच्छुक नाही' हा शेरा आपल्याच नोकरशाहीची निर्मिती आहे असे मात्र नाही. त्याचे कुळ जुने आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या बेकारीत, १९२१ सालापासून, बेकारी साहाय्य मागणाऱ्याने आपण खरोखरीच काम शोधीत आहोत हे सिद्ध करावे, अशी अट घालण्यात आली. ज्या गावातील कोळशाच्या खाणी बंद होत्या त्या गावातील खाणकामगाराने नसलेले काम रोज शोधावयाचे आणि शोधल्याचा पुरावा कचेरीत सादर करावयाचा! लक्षावधी अर्ज या एका अटीवर फेटाळले गेले. दुःखाची गोष्ट अशी की १९२४ साली ही अट सर्व साहाय्याला लागू करणारे सरकार मजूर पक्षाचे होते. आणि १९३० साली ती काढून टाकणारे सरकारही त्याच पक्षाचे होते. मधल्या सहा वर्षांत कामगार चळवळीने आपल्याच पक्षाला जे सुनावले त्याचा तो परिणाम.

ती अट गेली, तिची वृत्ती गेली नाही. २०१२ पासून ब्रिटनमध्ये गंभीर मानलेल्या चुकीसाठी वारंवार दोषी ठरलेल्या बेकाराचे साहाय्य तीन वर्षांपर्यंत बंद करता येऊ लागले. हा जाच २०१९ पर्यंत चालला. २०१३ पासून अशी सक्ती झाली की निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी त्याच खात्याकडे फेरविचाराचा अर्ज करावा. सक्तीच्या बिनपगारी कामाचे नियम न्यायालयाने बेकायदा ठरवले, तेव्हा सरकारने त्याच वर्षी घाईघाईने पूर्वलक्षी कायदा करून झालेल्या शिक्षा वैध करून टाकल्या. आणि मजूर पक्ष मतदानात तटस्थ राहिला. जर्मनीत घटना न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१९ रोजी निर्णय दिला की निर्वाहाच्या साहाय्यात ३० टक्क्यांहून अधिक कपात करणे मानवी प्रतिष्ठेच्या घटनादत्त हमीशी विसंगत आहे. ज्याला प्रतिष्ठा आहे त्याला ती कमवावी लागत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. तेथील सरकारेही त्यानंतर पुन्हा कपातीच्या वाटेला लागली, हे सांगितले पाहिजे. पण कपात करणाऱ्याला निदान न्यायालयासमोर उभे राहून कारण द्यावे लागले. आपल्याकडे ज्याचे नाव वगळले जाते त्याला, कामाला गेल्यावर हजेरीपत्रकात नाव सापडत नाही, तेव्हा ते कळते.

शहरातील कामगाराने हे सारे दूरच्या गावांचे प्रकरण समजू नये. कामगार राज्य विमा महामंडळाने २०१८ मध्ये बेकारीत सापडलेल्या विमाधारकांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना काढली. मजुरीच्या २५ टक्के साहाय्य, ९० दिवसांपर्यंत, आणि तेही सबंध आयुष्यात एकदाच! महामारीच्या काळात, २०२० मध्ये, ते ५० टक्के करण्यात आले. या योजनेतही गैरवर्तनाबद्दल कामावरून काढलेला आणि स्वेच्छेने निवृत्त झालेला कामगार अपात्र होता. आणि प्रारंभी तर कामगाराचा दावा शेवटच्या मालकामार्फत यावा अशी अट होती. ज्याने कामावरून काढले त्यानेच शिफारस करावयाची! पिंपरी-चिंचवडच्या कंत्राटी कामगाराला ठेकेदार कपातीचे पत्र देत नाही; कोऱ्या कागदावर सही घेऊन राजीनामा लिहून घेतो. २०२० मध्ये मालकाची मध्यस्थी काढून कामगाराला थेट दावा करण्याची मुभा देण्यात आली, म्हणजे अट अन्यायाची होती हे महामंडळानेच मान्य केले. गावातील पोचपावती आणि कारखान्यातील कपातीचे पत्र ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

भत्ता सहज मिळू लागला तर लोक आळशी होतील, हा आक्षेप मोठ्या गंभीर मुद्रेने घेतला जातो. ३१२ रुपयांचे काम सोडून ७८ रुपयांसाठी कोणी घरी बसेल, हे ज्यांना खरे वाटते त्यांनी स्वतःचा पगार चतुर्थांश करून घेऊन पाहावा. १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाख माणसे रणरणत्या उन्हात खडी फोडावयास आली, ती आळशी होती म्हणून काय? दुसरा आक्षेप असा की भत्त्याच्या नावावर बोगस मजूर दाखवून पैसा लाटला जाईल. हा धोका खरा आहे. पण तो हजेरीपत्रकालाही आहे, रस्त्यांच्या कंत्राटांनाही आहे. त्या धोक्यासाठी रस्ते बांधणे कोणी बंद केलेले ऐकिवात नाही.

आता या साऱ्याला नवे वळण मिळाले आहे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा काही दिवसांच्या चर्चेत संमत केला. गांधीजींचे नाव गेले, १०० दिवसांचे १२५ झाले, याची जाहिरात झाली. लबाडाघरचे आवतण जेवल्याखेरीज खरे मानू नये असे म्हणतात. या कायद्याने खर्चाची वाटणी बहुतेक राज्यांसाठी ६० आणि ४० अशी केली. प्रत्येक राज्याला किती रक्कम द्यावयाची ते केंद्राने ठरवावयाचे आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसावयाचा, असे ठरवले. शेतीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची मुभा दिली. बेकारी भत्त्याचा भार राज्यावरच ठेवला. याचा अर्थ उघड आहे. पूर्वी राज्याला काम न दिल्यास भुर्दंड होता. आता काम दिल्यासही भुर्दंड आहे. ज्या तिजोरीला दोन्हीकडून चटका बसतो ती कोणत्या दिशेला पळेल? अर्ज न नोंदण्याची सवय आजवर आळसाची होती, ती आता अर्थखात्याच्या गरजेची होईल. हंगामबंदीचे ६० दिवस शेतमालकाला स्वस्त मजूर मिळावा म्हणून आहेत, हे तर सांगण्याचीही आवश्यकता नाही.

अशा स्थितीत भत्त्याचा हक्क नुसत्या निवेदनांनी टिकणार नाही. प्रत्येक नकाराला आव्हान देऊनच तो टिकेल. हे अशक्य नाही. मध्य प्रदेशातील बडवाणी जिल्ह्यात संघटित आदिवासी मजुरांनी योजनेच्या पहिल्या काही वर्षांतच बेकारी भत्ता वसूल करून दाखवला, तो अर्जांच्या पोचपावत्यांचा आग्रह धरल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात आणि १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात जे सांगितले, ते या प्रकरणाला तंतोतंत लागू पडते : माणसाच्या उपजीविकेला हात घालावयाचा तर त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. पदपथवासीयांची घरे त्या निर्णयाने वाचली नाहीत, ही गोष्ट विसरून चालणार नाही; न्यायालयाचे तत्त्व रस्त्यावरच्या संघटनेवाचून पांगळे राहते. पण तत्त्व आहे. ज्याचा भत्ता अडवला किंवा ज्याचे नाव वगळले त्याला नोटीस, सुनावणी आणि कारणांसह लेखी निर्णय मिळालाच पाहिजे, आणि तो निर्णय देणारा अधिकारी भत्ता देणाऱ्या कचेरीचा नोकर असता कामा नये. २००५ च्या कायद्याने कसूर करणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. तो ज्याच्या पगारातून कापला जाईल त्याचे नाव दप्तरात लिहिले गेले, तर शिक्के तालुक्याला जाणे पुष्कळसे थांबेल.

महाराष्ट्राचे दायित्व याहून मोठे आहे. हमीचा कायदा या राज्याने केंद्राच्या आधी केला. २००५ नंतरही आपला १९७७ चा कायदा दुरुस्त करून जिवंत ठेवला, आणि १०० दिवसांपलीकडच्या कामाचा खर्च राज्याने उचलावयाचा हे मान्य केले. म्हणून नव्या केंद्रीय कायद्याखाली राज्याची योजना ठरवताना, दिल्लीने हात वर केले एवढे सांगून विधिमंडळाला मोकळे होता येणार नाही. राज्याच्या स्वतःच्या कायद्यात दुरुस्ती करून कामाच्या अर्जाची नोंदवही ग्रामसभेच्या ताब्यात द्यावी, पोचपावती दिली नाही तर मजुराने सांगितलेली तारीखच खरी धरावी आणि ती खोटी असल्यास तसे सिद्ध करण्याचा भार कचेरीवर टाकावा, ही मागणी शेतमजुरांच्या सर्व संघटनांनी येत्या अधिवेशनापूर्वी एकत्र येऊन लावून धरावी.

तोपर्यंतही हात जोडून बसण्याचे कारण नाही. अर्ज एकट्याने देऊ नये. वस्तीतील सर्वांनी मिळून एकच अर्ज दोन प्रतींत लिहावा, नावांपुढे सह्या वा अंगठे घ्यावेत, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन दुसरीवर तारखेसह पोच मागावी. पोच नाकारली तर तोच अर्ज त्याच दिवशी तहसीलदारांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवावा. पोस्टाची पावती जपून ठेवावी आणि सोळाव्या दिवशी, काम निघालेले नसेल तर, तिची प्रत जोडून भत्त्याची मागणी करावी.